पेनांचं घर

पेनस्टँड घरी जोडायचा संच आणला. त्यातले लेझरने कापलेले ३ मिमी एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) तुकडे हातात घेतले की आधी जळका वास येतो, मग बोटं काळी होतात. ओलं फडकं लावू नका, एमडीएफ पाणी पितं आणि फुगतं. कोरडा ब्रश बरा. कापताना लेझर साधारण ०.१ ते ०.२ मिमी लाकूड जाळतो. डिझाइनमध्ये तेवढं धरलं नसेल तर खाचा सैल बसतात. माझ्या संचात ते धरलेलं होतं, पेनांचा कप्पा अंगठ्याने दाबला तसा टक्कन बसला. फेव्हिकॉल मी टूथपिकने, फक्त खाचेत लावतो. बाहेर आलेला लगेच पुसायचा, नाहीतर तिथे पॉलिश धरत नाही. रबरबँड लावून रात्रभर ठेवलं. आता वरच्या कप्प्यात आमच्या हिच्या साडीच्या पिनाच जास्त आहेत.