मंगळवार, १८ जून १९५७

गेली सहा वर्षे माझ्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर एकच दिवस उगवतो आणि मावळतो. तो म्हणजे मंगळवार, १८ जून १९५७. स्थळ आहे इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्यातील एका शाखामार्गाच्या शेवटचे लहानसे स्थानक. हे स्थानक कल्पित आहे, परंतु त्यावरील प्रत्येक वस्तू त्या दिवशी त्या भागात असू शकली असती, एवढी एकच अट मी स्वतःला घालून घेतली आहे. तारीख निवडतानाही मुद्दाम असा दिवस घेतला, की ज्या दिवशी कोणी कॅमेरा घेऊन फलाटावर धावत येण्याचे काही कारण नव्हते.

या छंदात नव्याने आलेला माणूस बहुधा ‘१९५० च्या सुमाराची ब्रिटिश रेल्वे’ असे ढोबळ ठरवून सुरुवात करतो. मीही तसेच केले होते. अडचण अशी की १९४८ ते १९६८ या वीस वर्षांत त्या रेल्वेचे जवळजवळ सगळेच बदलले. १ जानेवारी १९४८ रोजी चार मोठ्या खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज अस्तित्वात आली; १९४९ मध्ये चाकावर उभ्या सिंहाचे बोधचिन्ह आले आणि १९५६ मध्ये ते बदलून दुसरे आले; १९५५ मध्ये आधुनिकीकरणाची योजना जाहीर होऊन डिझेलचा मार्ग मोकळा झाला; १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून ‘इव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेजसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले; १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेजचे प्रमुख बीचिंग यांच्या अहवालाने २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली; आणि ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य जाळ्यावरील वाफेची नियमित वाहतूक संपली. या सगळ्या काळातले जे जे आवडते ते एकाच मांडणीवर फिरवले तर खेळण्यांचे सुंदर कपाट तयार होते, पण काळ उभा राहत नाही.

म्हणून तारीख. मात्र तारीख ठरवली की सगळे त्याच वर्षाचे हवे, अशी जी समजूत होते, ती मात्र फसवी असते आणि मला ती मोडायला बराच वेळ लागला. १९५७ मधील बहुतेक वस्तू १९५७ च्या नव्हत्याच. माझ्या शाखेवर धावणारे छोटे १४०० वर्गाचे टाकीवाले (पाण्याची टाकी अंगावरच असलेले) इंजिन मुख्य यांत्रिक अभियंता कॉलेट यांच्या काळात, १९३२ मध्ये, ग्रेट वेस्टर्न कंपनीसाठी प्रथम बांधले गेले. राष्ट्रीयीकरणानंतर त्या चार कंपन्यांपैकी एलएमएसच्या इंजिनांच्या क्रमांकात साधारणपणे ४०,०००, एलएनईआरच्या ६०,००० आणि सदर्नच्या ३०,००० मिळवले गेले, पण ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांवर ओतीव धातूच्या क्रमांकपट्ट्या असल्यामुळे त्यांना हातच लावला नाही. त्यामुळे माझ्या इंजिनावर जुन्या कंपनीची क्रमांकपट्टी आणि नव्या सरकारी रेल्वेचे बोधचिन्ह शेजारी शेजारी नांदतात. हे बोधचिन्हही जुने, १९४९ चेच आहे. नवे चिन्ह आदल्या वर्षी आले होते खरे, पण एखाद्या आदेशानिशी रातोरात सगळी इंजिने रंगवली जात नसत. इंजिन दुरुस्तीसाठी कारखान्यात जाऊन रंगून येईपर्यंत त्यावर जुनेच चिन्ह राही.

वाघिणींच्या बाबतीत तर हा शिळेपणा अधिकच बोलका आहे. (मालडब्याला मराठीने ‘वाघीण’ म्हटले, याचा मला या छंदात पडल्यापासून फार आनंद वाटतो.) दुकानात सर्वांत आकर्षक दिसतात त्या कोळसा व्यापाऱ्यांची नावे मोठ्या रंगीत अक्षरांत मिरवणाऱ्या वाघिणी. परंतु अशा खासगी वाघिणी १९३९ मध्ये युद्धासाठी सरकारने ताब्यात घेतल्या आणि १९४८ मध्ये त्या रेल्वेच्याच मालकीच्या झाल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘पी’ हे अक्षर आले. त्यांना नवा रंग सहसा मिळाला नाही, आणि उघड्या पडलेल्या राखाडी फळ्यांवर जुन्या मालकाच्या नावाचे पुसट अवशेष तेवढे उरले. मी अशा तीन वाघिणी केल्या. आधी नाव सुबक रंगवायचे, मग बारीक पॉलिशकागदाने ते घासून घालवायचे, आणि शेवटी दोनतीन फळ्या ‘बदललेल्या’ म्हणून वेगळ्या छटेच्या करायच्या. स्वतःचेच नेटके काम स्वतःच्या हाताने नासवताना जीवावर येते. त्यांच्या शेजारी पोलादी १६ टनी खनिज वाघीण उभी आहे. तिच्या बाजूवरची पांढरी तिरकी पट्टी शोभेसाठी नसून टोकाचे दार कोणत्या बाजूला आहे हे सांगण्यासाठी असते.

काळाच्या बाबतीत माझी सर्वांत मोठी फजिती रुळांवर झालीच नाही, ती स्थानकाच्या अंगणात झाली. तिथे मी एक छानशी फोर्ड अँग्लिया उभी केली होती, मागची काच आत कललेली. दोन वर्षे ती तिथे होती. मग मोटारींचा जाणकार असलेल्या एका मित्राने एका नजरेत सांगितले की हे मॉडेल १९५९ च्या सप्टेंबरात आले. आता तिथे मॉरिस मायनर आहे, आणि तीही एकटीच. कारण १९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचामुळे लागू झालेले पेट्रोलचे रेशनिंग मे १९५७ मध्ये नुकतेच उठले होते आणि छोट्या गावाच्या स्थानकाबाहेर मोटारींची गर्दी मला शोभणारी वाटत नाही.

शाखामार्गच का, याचे उत्तर अर्धे प्रेमाचे आणि अर्धे अंकगणिताचे आहे. माझे प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२ असे आहे. त्या प्रमाणात मार्क १ जातीचा प्रवासी डबा सुमारे २५८ मिलिमीटर भरतो, आणि बारा डब्यांची एक्स्प्रेस इंजिन धरून तीन मीटरच्या पुढे जाते. मुख्य मार्गावर २० चेनचे (एक चेन म्हणजे ६६ फूट) वळण काही फार सौम्य समजले जात नाही, पण त्याची त्रिज्या मांडणीवर ५.२८ मीटर होते. तयार संचातील नेहमीचे वळण ४३८ मिलिमीटरचे असते. याउलट १४०० वर्गाचे इंजिन आणि त्याचा एकुलता एक डबा मिळून ४० सेंटिमीटरही होत नाहीत. टॉटनेसहून निघणाऱ्या शाखेवरचे अ‍ॅशबर्टन स्थानक, छोट्या फलाटावरील त्याच्या लाकडी छपरासह, मॉडेलकारांना पिढ्यान्‌पिढ्या आवडत आले आहे ते यामुळेच. १९५८ च्या नोव्हेंबरात तेथील प्रवासी गाड्या बंद झाल्या. माझ्या मंगळवारी त्या स्थानकाच्या हाती दीड वर्षही उरलेले नव्हते, आणि मी माझ्या स्थानकाची उतरती कळा तिथूनच उसनी घेतली आहे.

प्रमाणाचा विषय निघाला आहे तर डबल-ओ नावाच्या गेजचे, म्हणजे रुळांमधल्या ठरावीक अंतराचे, पापही कबूल केले पाहिजे. ब्रिटनमधील इंजिने युरोप खंडातील इंजिनांपेक्षा अरुंद आणि बुटकी. एका फुटाला ३.५ मिलिमीटर या प्रमाणात ती केली तर त्या काळच्या मोटरी आत मावत नसत. म्हणून शरीर ४ मिलिमीटरच्या प्रमाणात वाढवले आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच ठेवले. खरे अंतर १८.८३ मिलिमीटर हवे होते. परिणामी आमच्या सगळ्या गाड्या जणू चार फूट दीड इंचाच्या रुळांवर धावतात. चोखंदळ लोक १८.२ किंवा १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. मी तेवढा शूर नाही. मी फक्त स्लीपरांमधले अंतर खऱ्याप्रमाणे वाढवले, लोखंडी खुर्च्यांत, म्हणजे रूळ धरणाऱ्या बैठकांत, बसवलेले जुन्या पद्धतीचे बुलहेड रूळ वापरले, आणि बाजूच्या मार्गांवर खडीऐवजी राख पसरली. बाजूने पाहिले तर डोळ्याला खटकत नाही. समोरून पाहू नये.

संदर्भासाठी छायाचित्रेच वापरावी लागतात आणि ती फार पक्षपाती असतात. छायाचित्रकार इंजिनासाठी येत, तेही बहुधा उन्हात, आणि शाखा बंद होणार असे कळले की शेवटच्या दिवशी हमखास. कोळशाच्या वखारीची भिंत, दिव्यांच्या खोलीचे दार, फलाटाच्या टोकापलीकडचे गवत यांचा फोटो कोणी मुद्दाम काढत नसे. त्यामुळे माझे खरे संशोधन चित्रांच्या कडांवर चालते. भिंगाखाली इंजिन सोडून बाकी सगळे पाहायचे. अशाच एका चित्राच्या कोपऱ्यात पाणी भरण्याच्या खांबाजवळ शेकोटीची लोखंडी शेगडी दिसली, आणि त्या एका शेगडीने माझ्या मांडणीचा तो कोपरा जिवंत झाला.

आता गाडी चालवण्याविषयी. मॉडेलच्या गाड्या सर्वांत जास्त खोट्या वाटतात त्या वेगामुळे. शंटिंगचा ताशी ५ मैलांचा वेग माझ्या प्रमाणात सेकंदाला ३ सेंटिमीटरही भरत नाही, म्हणजे २.४ मीटरचे स्थानक ओलांडायला ऐंशी सेकंद लागतात. पाहुण्यांना हे असह्य होते. एक गोष्ट मात्र मला कधीच साधणार नाही. खऱ्या मालगाडीच्या वाघिणी तीन कड्यांच्या सैल साखळीने जोडलेल्या असत आणि इंजिन सुटले की एकेक साखळी ताणली जाऊन तो धक्का खडखडत गार्डच्या डब्यापर्यंत जाई. लांबी ७६ पटींनी घटली की वस्तुमान सुमारे ४ लाख ४० हजार पटींनी घटते. जडत्वच उरत नाही, मग धक्का कुठून येणार?

प्रवासी गाडी त्या मानाने सोपी आहे, कारण ती इंजिन न बदलता दोन्ही दिशांना चालते. परतताना चालक डब्याच्या टोकाच्या खोलीत बसतो आणि दांड्यांच्या जोडणीने इंजिनाचा रेग्युलेटर (वाफ कमीजास्त करणारी झडप) चालवतो. फायरमन मात्र इंजिनावरच राहतो. घोळ आहे तो दिव्यांचा. थांबत जाणाऱ्या प्रवासी गाडीच्या इंजिनाला धुराड्याच्या पायथ्याशी एक पांढरा दिवा असे आणि शेवटच्या डब्याला लाल. दिशा बदलली की दोन्ही बदलायला हवेत. चिकटवलेले दिवे निम्म्या फेऱ्यांत खोटे ठरतात, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी जेमतेम पाच मिलिमीटर उंचीच्या दिव्यांच्या पाठीला लोहचुंबकाचे कण बसवले. आता प्रत्येक फेरीनंतर चिमट्याने दोन्ही टोकांचे दिवे बदलतो. दोनएक मिनिटे जातात, तेवढा वेळ गाडी फलाटाला उभी असते, आणि वेळापत्रकात मी तो थांबा आता रीतसर लिहून ठेवला आहे. आजवर तीन लाल दिवे टेबलाखाली पडून नाहीसे झाले आहेत. पांढरा एकही नाही.