तुम्ही विचारलंत म्हणून: ४० तासांनंतर काय?

"मॅडम, मध्यस्थीचं ४० तासांचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट आलं. आता केसेस कशा मिळवायच्या?" सांगलीच्या बाररूममध्ये हे इतक्या ज्युनिअरांनी विचारलंय, की आता लिहूनच टाकते.

केसेस मिळवायच्या नसतात. न्यायालय पाठवतं, मध्यस्थी केंद्राकडं मध्यस्थांची यादी असते, आणि यादीत नव्या नावाची पाळी उशिराच येते. २०१८ मध्ये व्यापारी दाव्यांसाठी वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्यात कलम १२-अ आलं. तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी करा, मगच दावा लावा. तेव्हा मलाही वाटलं होतं, हळद-बेदाण्याच्या उधाऱ्यांची रांग लागणार. पण समोरचा नोटीस घेऊन घरीच बसला की 'नॉन-स्टार्टर', म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही, असा अहवाल लिहायचा आणि उठायचं. त्याला अनुभव म्हणत नाहीत.

तोवर पक्षकारांची हरकत नसेल तर एखाद्या ज्येष्ठ मध्यस्थाच्या शेजारी बसा. गप्प बसा. वकिलाला तेच जड जातं.

दुसरा प्रश्न, "तुमचा सक्सेस रेट किती?" ह्याचा मला राग येतो. तडजोड झाली नाही तर अहवालात तेवढंच लिहायचं असतं, का झाली नाही ते नाही. आत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही, २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही तेच आहे. म्हणजे माझा अनुभव मला तुम्हाला दाखवताच येत नाही. सांगता येण्यासारखं आहे ते ट्रेनिंगमधलंच, आणि तिथं तर खटला खोटा होता.

रोल-प्लेमध्ये मला बहिणीची भूमिका आली. दोन भाऊ, वडिलोपार्जित बागायत, विहीर आणि मी. प्रत्येक पक्षकाराला एक गुप्त चिठ्ठी मिळते. माझ्या चिठ्ठीत होतं: तुम्हाला जमीन नकोच आहे, वडील शेवटच्या आजारात असताना भावांनी कळवलं नाही, तो राग आहे. मध्यस्थ झाले होते आमच्याच बॅचमधले एक बुजुर्ग वकील. खाजगी बैठकीत म्हणाले, "ताई, हिस्सा तुमचा आहेच हो. पण वाटप मागितलं की माहेर तुटलं. रोख रक्कम घ्या, हक्कसोडपत्र करून द्या, दिवाळीला येत-जात राहा."

मी हो म्हणाले.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अशिलांना तोंडपाठ ऐकवणारी मी, खेळातसुद्धा हो म्हणाले. चिठ्ठीत तसं काही नव्हतं. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत असाच एक कागद मी खरोखर सही करून आले होते, त्या वेळी मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. भाऊ अजूनही भाऊबीजेला येतो. मग हे आठवायचं कारण काय?

टाळ्या पडल्या. सगळ्यांत लवकर तडजोड आमच्या टेबलाची. प्रशिक्षकांनी मला चिठ्ठी मोठ्यानं वाचायला सांगितली. 'कळवलं नाही' इथं आवाज फुटेना, पाणी प्यायच्या निमित्तानं थांबले. त्यांनी त्या वकिलांना एवढंच विचारलं, "ह्यांना काय हवंय, हे विचारलंत?" ते जरा चिडून म्हणाले, "पण मिटलं ना?"

तेव्हा मला ते गृहस्थ निव्वळ चुकीचे वाटले. आता त्याच खुर्चीत बसते तेव्हा तितकी खात्री वाटत नाही. समोर सहीला तयार असलेली बहीण असते. हिस्सा सोडू नका म्हणाले तर मी तिची वकील झाले, गप्प राहिले तर भावांची. मी विचारते, सही केली तर पुढच्या दिवाळीला काय होईल? नाही केली तर? तुमच्या वकिलांशी बोललात का? ह्यापुढं जाता येत नाही. तेव्हाची मी म्हणते, ही पळवाट आहे. असेल. पण माहेर ही किंमत मोजून घेतलेली वस्तू आहे की नाही, हे ठरवणारी मी कोण? वकील म्हणून माझ्याकडे उत्तर होतं. इथं नाही.

म्हणून रोल-प्लेमध्ये मध्यस्थाच्या खुर्चीसाठी भांडू नका. पक्षकाराची मागा.

राहिला मानधनाचा प्रश्न. त्यावर घर चालत नाही, वकिली सोडू नका. फक्त ज्या वादात मध्यस्थ म्हणून बसलात, त्यात पुढं कुणाचंही वकीलपत्र घेता येत नाही. आपल्याकडं अर्धे अशील एकमेकांचे पाहुणे निघतात, तेव्हा यादीत नाव देण्याआधी तेवढा हिशेब घरी करून या.