दाखला कोपरखैरण्यात, पोरगी ठाण्यात

अकरावीच्या ॲडमिशनचे दिवस म्हणजे आमच्या ऑफिसात नुसती जत्रा. मी ठाण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात क्लार्क आहे, खिडकी नंबर दोन. २०२५ पासून ऑनलाइन प्रक्रिया अख्ख्या राज्याला लागू झाली तरी खिडकीवरची गर्दी काही हटत नाही, कारण स्क्रीनवर दिसलेलं लोकांना माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय पटतच नाही.

त्या दिवशी राउंडची मुदत संपत होती, संध्याकाळी सहाला पोर्टल बंद. दीडच्या सुमारास कळव्याचे आईबाबा मुलीला घेऊन आले. मुलीला ९२ टक्के, सायन्सला आमचं कॉलेज लागलेलं, दुसऱ्या पसंतीचं. पहिली पसंती लागली तर घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या नियमित राउंडमधून बाहेर, पण दुसरी म्हणजे घ्या किंवा थांबा, आणि हे ‘थांबा’च लोकांची झोप उडवतं. मी शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला मागितला तर बाबांनी फोल्डरमधून झेरॉक्स काढली.

मग हळूहळू बाहेर आलं. यादी लागली त्याच दिवशी बाबांनी घाबरून कोपरखैरण्याच्या एका इंटिग्रेटेड कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट धरली होती. इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेज आणि जेईईचा क्लास एकत्र, खरं तर क्लासच, कॉलेज नावापुरतं. त्या कॉलेजवाल्यांनी ऑनलाइन काहीच कन्फर्म केलं नव्हतं, नुसते पैसे आणि दाखला ठेवून घेतलेला. दाखला एकच असतो हो, तो ज्याच्या कपाटात, पोरगी त्याची!

आणि तीन दिवसांनी आता पोरगी म्हणते मला तिकडे जायचं नाही.

हमीपत्रावर ॲडमिशन द्यायला आमच्या मॅडम तयार नव्हत्या, मागच्या वर्षी एकाने हमीपत्र दिलं आणि दाखला आणलाच नाही. शेवटी मीच बाबांना म्हटलं, दादा, ट्रान्स हार्बर लोकल पकडा, जा आणि घेऊन या. ते अक्षरशः पळत गेले.

आई आणि मुलगी बाकावर बसून राहिल्या. चारला गर्दी ओसरली तेव्हा मुलगी खिडकीशी आली आणि विचारते, मॅडम, इथे प्रॅक्टिकल खरंच होतात का? मी तिला वर केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये घेऊन गेले, खरं तर हे माझं काम नाही. शिपायाने दार उघडलं, तो सडक्या अंड्याचा वास आलाच. टेबलावर ॲसिडचे डाग, स्टँडला ब्युरेट उलट्या लावलेल्या, एकीची तोटी दोऱ्याने बांधलेली. मला जरा लाजच वाटली. ती मात्र मागच्या बॅचची जर्नल्स काढून वाचत बसली, सरांनी लाल पेनाने रीडिंग खोडून ‘पुन्हा घ्या’ लिहिलेलं होतं ते तिने आईला दाखवलं.

आईने तेव्हाच विचारलं, तुमची मुलं कुठे आहेत? खोटं बोलता आलं असतं, पण नाही बोलले. माझा मुलगा बारावीला, इंटिग्रेटेडलाच, वाशीला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं झालं, आता या जाणार. मुलगी म्हणाली, मग त्याला आवडतं का?

मला काही सुचेना. मी कधी विचारलंच नव्हतं. त्याचे टेस्टचे मार्क दर रविवारी माझ्या मोबाइलवर येतात, ते तेवढे पाठ असतात.

पावणेपाचला बाबांचा फोन, पैसे परत मिळायला अर्ज करा म्हणतात, दाखला सोमवारी देऊ म्हणतात. आईने फोन घेतला आणि जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, पण पाच मिनिटांत दाखला मिळाला. पैशांचं नंतर बघू. पाच चाळीसला बाबा घामाने भिजून खिडकीशी उभे, दाखल्याच्या कोपऱ्याला तिकडच्या स्टेपलरची दोन भोकं. मी माहिती भरली आणि कन्फर्मच्या आधी थांबून मुलीकडे बघितलं. तिने मान हलवली. पाच बावन्नला पावती निघाली.

जाताना बाबांनी हळूच विचारलं, मॅडम, जेईईचं नुकसान तर नाही ना होणार? मी म्हटलं, क्लास वेगळा लावता येतो. याच्यापुढे मला तरी कुठे कळतंय.

रात्री जेवताना मुलाला विचारलं, तुला कॉलेज आवडतं का रे? त्याने एका कानातला इअरफोन काढला, म्हणाला, आता विचारतेस? आणि परत घातला.