मानेच्या हिशोबाने पोहणं: अकरावा आठवडा

टँकवर परतल्याला आज अकरा आठवडे झाले. पूर्वी वहीत लॅप लिहायचो. आता पहिल्या रकान्यात मान किती वेळा वळली ते लिहितो.

फेब्रुवारीत डाव्या कानामागे मानेत ठणका सुरू झाला. नेहमीची अवघडलेली मान नव्हती ती, असं एकाच जागी कधी दुखलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दादरच्या पुलाचा जिना उतरताना अंग सारखं डावीकडे झुकायला लागलं, कठडा सोडवेना. बायको बरोबर होती, तिने घरी न नेता थेट हॉस्पिटल गाठलं. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, डाव्या व्हर्टिब्रल धमनीच्या आतल्या अस्तराला चीर दिसली. ही धमनी मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर मेंदूकडे जाते. अस्तर फाटलं की रक्त भिंतीत शिरतं, वाट अरुंद होते, आणि तिथे धरलेली गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघाताचा झटका येतो. माझ्या लहान मेंदूत एक बारीक डाग उमटला, तेवढ्यावर निभावलं.

चार दिवस आधी सलूनमध्ये चंपीनंतर मान दोन्हीकडे कडकन मोडून घेतली होती. त्यानेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत. जोराच्या खोकल्यानेही होऊ शकतं, काहींना तर कारणच सापडत नाही. तरी मंडळी, मान मोडून घेऊ नका. हात जोडून सांगतो.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी, रक्तदाबावर नजर, आणि साडेतीन महिने फक्त चालणं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला आधी एक फेरी, मेपर्यंत चार, वेग बोलता येईल एवढाच. जड उचलणं, श्वास कोंडून जोर लावणं, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सगळं बंद. जूनमध्ये पुन्हा अँजिओ केली. धमनी मोकळी, भिंत भरून आलेली. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी पाण्यात उतरायला होकार दिला तो एका अटीवर: मान कुठल्याच बाजूला टोकापर्यंत न्यायची नाही.

ही अट घेऊन टँकवर गेलो तेव्हा कळलं की आपण पोहताना मानेला किती राबवतो. ब्रेस्टस्ट्रोक सगळ्यात निवांत, असं सगळेच सांगतात, पण त्यात दर श्वासाला डोकं वर येतं आणि मान मागे दुमडते. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून डोकं वर ठेवलं की तेच, आणि सलग. बॅकस्ट्रोकमध्ये मान सरळ राहते, पण भिंत कुठे आली ते बघायला वळायची सवय असते. ती मोडली. आता भिंतीच्या अलीकडे वर टांगलेले झेंडे दिसले की हात मोजतो, कारण गुठळी रोखणारी गोळी चालू असताना डोकं भिंतीवर आपटून चालणार नाही.

राहिला फ्रीस्टाइल. मला ५० मीटरला ४८ हात लागतात. दर तिसऱ्या हाताला श्वास, म्हणजे लॅपला १६ वळणं. माझे जुने २ किलोमीटर म्हणजे ४० लॅप, म्हणजे ६४० वळणं, तीही रोज सकाळी. कागदावर हा आकडा आला तेव्हा बराच वेळ त्याकडे बघत बसलो.

म्हणून पहिले चार आठवडे समोरून वर जाणारा स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, लावला. वळणं शून्य. पाचव्या आठवड्यात स्नॉर्कलशिवाय एकच लॅप. त्याआधी फिजिओने जमिनीवर शिकवलं होतं: मान फिरवायची नाही, खांदा आणि कंबर एकदम फिरवायची, डोकं त्यांच्यामागून आपसूक येतं. पाण्यात ते जमल्याची खूण मला अशी सापडली: एक गॉगल पाण्याखाली, एक वर, आणि ओठांचा जेमतेम अर्धा कोपरा हवेत. दोन्ही गॉगल वर आले की समजायचं, मान जास्त वळली. असं वळण मी वहीत लाल पेनाने लिहितो. पहिल्या लॅपला १६ पैकी ९ लाल होती.

सातव्या आठवड्यात हावरटपणा केला, एकदम ८ लॅप स्नॉर्कलशिवाय. दुसऱ्या दिवशी डावी मान भरून आली. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. स्नायूच होता, पण आठवडाभर पाणी बंद. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेतली नाही. माझ्या गोळीबरोबर तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि आपल्यात दुखऱ्या खांद्यासाठी ती सर्रास घेतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

बाहेर येताना काठावर हातांनी अंग उचलून घेत नाही, शिडीने येतो. उडी, टंबल टर्न (भिंतीशी कोलांटी मारून वळणं), पाण्याखालचा लॅप नाही. लाइफगार्डला सांगून ठेवलंय: नवीन डोकेदुखी किंवा मानदुखी, तोल जाणं, दोन दोन दिसणं, जीभ जड होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल, आणि वेळ बघून ठेवायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही चालेल की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतात. परवा गणपती आणताना मूर्तीचा पाट पुतण्याने घेतला, मी झांजा.

या आठवड्यात २४ लॅप: १४ स्नॉर्कलने, १० शिवाय. वळणं १६०, त्यात लाल ११.

संक रॉक ते गेटवे, मुंबईच्या समुद्रातलं साधारण ५ किलोमीटरचं पोहणं, यंदा नाही. समुद्रात दिशा बघायला डोकं पुढे उचलावं लागतं आणि त्या उचलण्याबद्दल डॉक्टरांशी अजून बोलायचंय. उद्या पुन्हा १० लॅप, १६० वळणं. वाढ नाही, लाल मात्र ११ च्या खाली.