राखीव

"मी खेळत नाहीये काकू, मी राखीव आहे."

मैदानाच्या कडेला बसलेली, तेरा-चौदा वर्षांची असेल. बुटांच्या नाड्या दुहेरी गाठ मारून घट्ट बांधलेल्या. शिबिर संपत आलं होतं आणि तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. तक्रारही नव्हती, हेच जास्त खुपलं.

सरांचं लक्ष अर्थातच जोरात पळणाऱ्यांकडे. स्पर्धा तोंडावर आलीय म्हणे. पण जी मुलं आधीच पळतात, त्यांनाच आणखी पळवायचं आणि जिला खरी गरज आहे तिला कडेला बसवायचं, हा कुठला व्यायामाचा कार्यक्रम?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. २०१६ पर्यंतच्या जगभरच्या आकडेवारीत शाळेत जाणाऱ्या ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ८१ टक्के तेवढी करत नव्हती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५.

आपण मोबाइलला शिव्या घालून मोकळे होतो. (मीही घालते, सोयीचं असतं ते.) पण ही पोरगी मोबाइल घरी ठेवून आली होती! आली, रांगेत उभी राहिली, निवड झाली नाही, बसली. हजेरीपटावर मात्र 'उपस्थित'.

दोन संघांऐवजी चार छोटे संघ केले असते तर काय बिघडलं असतं? तुमच्या मुलांच्या शिबिरात निवड न झालेली मुलं तासभर काय करतात, विचारलंय कधी?