पुढचं दृश्य ठाऊक नसताना संगीत कसं करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. इंदूरात गणपतीतल्या कार्यक्रमात किंवा कुणाकडे गाण्याची बैठक उठल्यावर माझ्या कामाचा विषय निघाला, की हाच प्रश्न येतो: सिनेमा प्रेक्षकाच्या मेंदूवर चालणार, पुढे कुठलं दृश्य येईल ते दिग्दर्शकालाही सांगता येत नाही, मग तुम्ही संगीत आधीच कसं करून ठेवता?

दृश्यावर बेतलेलं संगीत मी करतच नाही. दृश्य कधीही बदललं तरी जे तुटत नाही, असं करतो.

आधी यंत्राबद्दल, कारण ‘मनातलं वाचतं का?’ हेही लगेच विचारलं जातं. नाही वाचत. कपाळाला एक इलेक्ट्रोड, कानाच्या पाळीला एक क्लिप. मेंदूतून कवटीपार पोचणारा, मायक्रोव्होल्टमध्ये मोजायचा विद्युतदाब ते टिपतं. माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने 1924 साली घेतली. साध्या हेडसेटमधून आपल्याला मिळतो तो साधारण सेकंदाला एक आकडा, शून्य ते शंभर: लक्ष किती एकवटलंय याचा अंदाज. ब्रिटनमधल्या रिचर्ड रॅमचर्न यांनी 2018 साली ‘द मोमेंट’ नावाचा असा सिनेमा केला. त्यात प्रेक्षकाचं लक्ष ढळलं की दृश्य पालटतं.

आता संगीताकडे. तबल्याच्या सोलोला लेहरा धरणारा, म्हणजे तीच ती चाल पुन्हा पुन्हा वाजवत साथ करणारा आठवा. तबलजी पुढे काय काढणार ते त्याला ठाऊक नसतं, पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते दोघांना ठाऊक असतं. इथे मात्र प्रेक्षक सम पाळत नाही, त्याचं लक्ष मात्रेच्या मध्येच ढळतं. म्हणून चित्र तत्क्षणी बदलू द्यायचं आणि संगीताने आपल्या पुढच्या समेपर्यंत थांबायचं. ही युक्ती नवी नाही. लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या ‘आयम्यूज’ या संगीतप्रणालीने 1991 मध्येच व्हिडिओ गेममध्ये ती वापरली होती. खेळणाऱ्याने काहीही केलं तरी चाल सोयीच्या मात्रेवरच वळायची.

माझा खरा वेळ जातो गांधारावर, म्हणजे ‘ग’ या स्वरावर. संगीताचे सगळे थर एकाच षड्जात, म्हणजे एकाच ‘सा’वर बांधतो: खाली तंबोरा, त्यावर चेलोचा लांब सूर, मग संतूर, कधी आवाज. लक्षाच्या आकड्याप्रमाणे थर वर-खाली होतात. एका थरात शुद्ध गांधार आणि दुसऱ्यात कोमल असेल, आणि आकडा मधेच रेंगाळला, तर दोन्ही गांधार एकदम वाजतात आणि कानाला बोचतात. म्हणून खालचे थर सा, रे, प यांवरच ठेवतो. गांधार एका वेळी एकाच थराकडे. प्रसंग सुखाचा की दुःखाचा हे बरंचसं तोच ठरवतो, त्यामुळे तो हातचा राखून ठेवावा असं माझं पक्कं मत आहे.

इथे माझ्या गावाने मला मोठंच देणं दिलंय. उस्ताद अमीर खाँसाहेबांची इंदूरची गायकी, त्यातलं मेरुखंड, म्हणजे ठरावीक स्वर वेगवेगळ्या क्रमांनी मांडायची पद्धत. चार स्वरांच्या मांडण्या चोवीस, सातांच्या पाच हजार चाळीस. खाँसाहेबांची थोरवी गणितात नव्हती, त्यातून रागाला शोभेल तेवढंच उचलण्यात होती. मीही सा, रे, प, ध यांच्या चोवीस मांडण्या करतो आणि कानाला पटणाऱ्या तेवढ्याच ठेवतो. कसोटी कडक आहे: कुठल्याही तुकड्यानंतर कुठलाही तुकडा आला तरी तो मुद्दाम तिथेच घातल्यासारखा वाटला पाहिजे. यंत्राला मोकळीक मिळते ती या निवडीच्या आत.

एक गोष्ट मी अजिबात करत नाही. अचानक जोरात ठोका. माणूस दचकला की डोळे मिटतात, आणि पापणीची हालचाल कपाळावरच्या इलेक्ट्रोडला मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी ठळक दिसते. मग सिनेमा वळतो तो प्रेक्षकाच्या लक्षामुळे नव्हे, माझ्या ठोक्यामुळे. ते मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्या हाती सिनेमा दिलाय, त्याच्याकडून तो संगीताने काढून घेऊ नये. अमेरिकन संगीतकार आल्व्हिन लुसिए यांनी 1965 मध्ये आपल्या मेंदूतल्या अल्फा लहरींवर वाद्यं वाजवली तेव्हा त्यांना निश्चल बसणं भागच होतं. शांत बसून डोळे मिटले की त्या लहरी वाढतात. सिनेमा बघणाऱ्याचे डोळे उघडे असतात, म्हणून शांत राहण्याचं काम संगीतावर येतं. माझा कुठलाही थर चढायला काही सेकंद घेतो.

चाचणीला मात्र मेंदू लागत नाही. संगणकाकडून यादृच्छिक आकडे सोडतो आणि दुसरं काहीतरी करत ऐकत राहतो. जिथे कान अडतो तिथे बहुतेक वेळा सूर बरोबरच असतो, आधीच्या तुकड्याची आस, म्हणजे सुरामागे रेंगाळणारा नाद, मधेच कापली गेलेली असते. ती वेगळी ध्वनिमुद्रित करून पुढच्या तुकड्यावर पसरवतो आणि पुन्हा आकडे सोडतो.