टँकरचं पाणी आणि आमचा फायटर

फायटर माशाची शेपटी कडेने काळपट पडून झिजायला लागली की दुकानात हमखास निळ्या औषधाची बाटली हातात ठेवतात. मलाही ठेवली. ती मी फोडली नाही. हे औषध, मिथिलीन ब्लू, फिश टँकमध्ये ओतलं की फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मरतात, आणि मला तर संशय होता की मूळ दुखणं माशाचं नाहीच, पाण्याचं आहे.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. थंडीत नळाला खडकवासल्याचं पाणी असतं, हलकं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शंभराच्या आसपास दाखवतो. ऊन तापलं की सोसायटीच्या टाकीत बोअर आणि टँकर दोन्हीचं पाणी पडतं. गेल्या एप्रिलमध्ये तोच मीटर सातशेच्या पुढे गेला. माणसांचं भागतं, प्यायला आरओ आहे, बाकीच्याला जे येईल ते. निळूला मात्र चोवीस तास त्याच पाण्यात राहायचं.

निळू म्हणजे लेकीचा फायटर. वीस लिटरचा टँक, स्पंज फिल्टर, दोन झाडं, सगळं वर्षभर व्यवस्थित चाललेलं. काचेजवळ बोट नेलं की गलफडं फुलवून अंगावर येणारा हा मासा अचानक फिल्टरच्या मागे पर मिटून पडून राहायला लागला. कल्ले भराभर हलायचे. दाणा तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. फायटर वर येऊन हवाही घेतो, त्यासाठी त्याला वेगळा अवयव असतो. निळू तेवढ्यापुरता वर यायचा आणि दगडासारखा खाली जायचा. बघवत नव्हतं.

टेस्ट किट काढलं. नळीत पाच मिली पाणी, दोन बाटल्यांमधले थेंब, मग पाच मिनिटं वाट बघायची. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. आमचं आधी पोपटी झालं आणि मग चक्क हिरवं. पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क याचं माप, आठच्या वर.

एवढ्या जुन्या टँकमध्ये अमोनिया आला कुठून? उत्तर खाली गेटवर मिळालं. वॉचमनदादा म्हणाले, "ताई, टँकरवाले टीसीएल मारूनच आणतात. सकाळी वास नाही का आला तुम्हाला?" टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. मी पाणी बदलताना क्लोरीन घालवायचे थेंब घालतेच, पण तो हिशोब नळाच्या पाण्याचा. टँकरच्या पाण्यात क्लोरीन त्याहून कितीतरी जास्त. त्याने कल्ले भाजतात आणि स्पंजमधले जीवाणूही मरतात. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे तेच. ते गेले की अमोनिया साठतो. त्यात बोअरच्या पाण्याचा पीएच चढा. पीएच सातावरून आठावर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. थंडीत जेवढा अमोनिया निळूने सहन केला असता, तेवढाच एप्रिलमध्ये त्याच्या जिवावर उठला होता.

मग औषध द्यायचं होतं ते पाण्याला. घरातल्या आरओचं आणि टँकरचं पाणी निम्मं निम्मं करून ड्रममध्ये ठेवलं, थेंब घातले, रात्रभर हवेचा पंप चालू ठेवला. नुसतं आरओचं वापरत नाहीत, त्यात क्षार जवळजवळ नसतात. रोज टँकमधलं थोडंसंच पाणी काढायचं आणि हे घालायचं. घाई करायची नाही, कारण सातशेच्या पाण्यातून एकदम निम्म्यावर आणलं तर त्या बदलाचाच धक्का माशाला बसतो. खाणं एकदम कमी केलं. पोटात कमी गेलं की अमोनियाही कमी. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडे जुना चालता टँक आहे, तिच्या फिल्टरचा स्पंज ओल्या पिशवीत गुंडाळून आणला आणि आमच्या टँकमध्ये पिळला. पाणी गढूळ झालं, लेक ओरडली, पण त्या गाळातच जीवाणू होते. तेव्हापासून आमचा स्पंज नळाखाली कधीच धूत नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळते.

पाण्याइतकंच मी त्याच्या ताणाकडेही बघितलं. रात्री खोलीत अंधार आणि टँकचा दिवा चालू असला की काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, आणि तो तासन्‌तास त्याच्याशी भांडतो. मागच्या तीन बाजूंना काळा कागद लावला, दिवा लवकर बंद करायला लागले. फिल्टरची हवा कमी केली. लांब परांच्या माशाला प्रवाहाविरुद्ध सतत पोहणं झेपत नाही. थायलंडकडच्या भातखाचरांतल्या संथ, उथळ पाण्यातला हा मासा. रस्त्यावरच्या देशी बदामाची गळलेली वाळकी पानं आणली, धुतली, उकळून एक पान आत सोडलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं. निळू त्याच पानाखाली जाऊन बसायला लागला.

या दिवसांत शेजारच्या काकूंनी अगदी मायेनेच सांगितलं, "अगं, दोनशे रुपयांचा मासा, दुसरा आण." मला ते फार लागलं. दुसरा आणला असता तर तोही याच पाण्यात आला असता. आणि आपण घरात आणलेल्या जिवाचा हिशोब त्याच्या किमतीवर लावायचा नसतो, असं मला मनापासून वाटतं.

हळूहळू नळीतलं पाणी पुन्हा पिवळं राहायला लागलं. नंतर एका सकाळी लेकीने टॉर्च धरून दाखवलं: शेपटीच्या फाटक्या काळ्या कडेबाहेर पारदर्शक, पातळ पापुद्र्यासारखी नवी किनार फुटली होती. त्या आठवड्यात तो पुन्हा बोटावर धावून आला.

आता टँकर आला की वॉचमनदादा मला व्हॉट्सॲप करतात. त्या दिवशी नळाचं पाणी टँकमध्ये घालत नाही, आधी भरून ठेवलेल्या ड्रममधलंच घालते. क्लोरीन तपासायच्या पट्ट्यांचं पाकीट ड्रमशेजारीच ठेवलंय. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की त्यात क्लोरीन जास्त घालतात, तेव्हाही पट्टी कोरी दिसेपर्यंत ड्रमला हात लावत नाही.